ह्मोंग रेस्टॉरंटात पहिल्यांदा जेवायला जाताना

नोकरीनिमित्त, शिकायला किंवा लेकीकडे चार-सहा महिने राहायला म्हणून अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत आलेल्या मराठी माणसाला इथली थंडी ऐकून माहीत असते, ह्मोंग लोक मात्र माहीत नसतात. मग शनिवारच्या भाजीबाजारात ताजी कारली, चवळीच्या शेंगा आणि गवती चहाच्या जुड्या विकणाऱ्या आजीबाई दिसतात, आणि या कोण, असा प्रश्न पडतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्ण जिंकलेली सुनी ली ही सेंट पॉलचीच ह्मोंग मुलगी, हे कळलं की कुतूहल आणखी वाढतं. त्यानंतर केव्हातरी ऑफिसातलं कुणी म्हणतं, 'चला, ह्मोंग जेवायला जाऊ,' आणि पत्ता निघतो पांढऱ्याशुभ्र प्लेटा, मंद दिवे आणि आठवडाभर आधी टेबल राखून ठेवायला लावणाऱ्या रेस्टॉरंटचा. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

नाव लिहिताना 'ह्मोंग' लिहितात, बोलताना 'मोंग' म्हटलं तरी चालतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण मेन्यू तिच्यातूनच आलाय

ह्मोंग ही मूळची दक्षिण चीनच्या डोंगराळ भागातली जमात. तिथून ती लाओस, व्हिएतनाम आणि थायलंडच्या डोंगरांत पसरली. त्यांचा स्वतःचा देश कधी नव्हता. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या सीआयएने लाओसमधल्या ह्मोंगांना हाताशी धरून तिथे एक छुपं युद्ध लढवलं. 1975मध्ये अमेरिका निघून गेली आणि हे लोक उघड्यावर पडले. हजारो कुटुंबं मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या निर्वासित छावण्यांत गेली आणि तिथून पुढे अमेरिकेत. मिनेसोटात ती चर्चच्या संस्थांमार्फत आली, मग नातेवाईक नातेवाईकांना ओढत गेले. आज सेंट पॉल हे अमेरिकेतल्या ह्मोंगांचं सगळ्यात मोठं शहरी केंद्र मानलं जातं.

त्या छावण्यांपैकी एक मोठी छावणी म्हणजे थायलंडच्या लोई प्रांतातली बान विनाई. शेफ यिया वांग यांचे आईवडील तिथेच भेटले आणि 1984मध्ये यियांचा जन्मही तिथलाच. 2016मध्ये त्यांनी 'युनियन ह्मोंग किचन' या नावाने इथेतिथे तात्पुरती जेवणं घालायला सुरुवात केली आणि 2024च्या उन्हाळ्यात मिनियापोलिसच्या ईशान्य भागात मोठं रेस्टॉरंट उघडलं. नाव ठेवलं 'विनाई'. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या देशभरातल्या 50 निवडक रेस्टॉरंटांच्या यादीत ते आलं.

त्याच भागात, त्याच वर्षी 'डायॅन्स प्लेस' उघडलं. डायॅन मुआ या मुळात बेकरीच्या शेफ. फ्रेंच पद्धतीच्या नामांकित रेस्टॉरंटांत त्यांनी बरीच वर्षं डेझर्टची बाजू सांभाळली. विस्कॉन्सिनमधल्या शेतावर वाढलेल्या, आणि आजही आईवडिलांच्या शेतातला माल त्यांच्या स्वयंपाकघरात येतो. सकाळ-दुपारच्या खाण्यासाठी ही जागा जास्त प्रसिद्ध आहे. क्रोइसाँच्या पापुद्र्यात नारळ आणि पंदनची सुवासिक पानं, असली लग्नं इथे लागतात. 2025मध्ये 'फूड अँड वाइन' मासिकाने तिला वर्षातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट ठरवलं.

दोन्हींतून एकच निवडायचं असेल तर माझं मत असं: घरात लहान मुलं, सासूबाई, थोडे बिचकणारे लोक असतील तर आधी डायॅन्स प्लेस. आगीवर भाजलेलं मांस, तिखट आणि हाताने खाणं या तीन गोष्टींची आवड असेल तर विनाई. पुढचं बरंचसं रात्रीच्या जेवणाबद्दल आहे, तेव्हा ते विनाईसारखी जागा डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

पहिली पायरी: भारी ठिकाणी जाण्याआधी बाजारात जेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग 'एवढे पैसे कशाचे?' म्हणून कुरकुरतात. पंचतारांकित हॉटेलात पिठलं-भाकरी खाणाऱ्याला घरचं पिठलं माहीत असलं तरच तिथल्या आचाऱ्याने वेगळं काय केलंय ते कळतं. इथेही तेच आहे.

सेंट पॉलमध्ये दोन मोठी बंदिस्त मार्केटं आहेत: कोमो अव्हेन्यूवरचं 'ह्मोंगटाउन मार्केटप्लेस' आणि शहराच्या पूर्वेला जॉन्सन पार्कवेजवळचं 'ह्मोंग व्हिलेज'. बाहेरून दोन्ही गोदामासारखी दिसतात. आत कपड्यांचे, औषधी मुळ्यांचे, भाजीचे गाळे आणि एका बाजूला खाण्याच्या टपऱ्यांची रांग. शनिवार-रविवारी दुपारी गर्दी उसळते, पार्किंगला फेऱ्या माराव्या लागतात. सकाळी अकराच्या आत पोचा. थोडी रोख रक्कम जवळ असू द्या.

इथे निदान तीन गोष्टी खा. एक, ह्मोंग सॉसेज: जाडसर कुटलेलं डुकराचं मांस, त्यात आलं, गवती चहा आणि मिरची, वर भाजून काळपट झालेली त्वचा. दोन, भरलेले चिकन विंग्ज: आतलं हाड काढून त्या पिशवीत काचेसारख्या पारदर्शक शेवया, खिमा आणि मशरूम ठासून भरतात, मग तळतात. तीन, कच्च्या पपईची कोशिंबीर.

ही कोशिंबीर बनताना जरूर बघा. मातीचा उंच खल, लाकडी बत्ता. गाळ्यावरची बाई आधी विचारते, मिरच्या किती? तुम्ही सांगाल तेवढ्या बारक्या लाल मिरच्या, लसूण आणि चिमूटभर साखर खलात पडते. दोन-चार ठोके. मग फिश सॉस, लिंबू, कोळंबी किंवा खेकड्याची आंबवलेली काळपट पेस्ट, टोमॅटोच्या फोडी. शेवटी किसलेली पपई. एका हाताने बत्ता, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालचं वर. पपईचा लगदा होत नाही, फक्त ती जरा मऊ पडते आणि रस पिते. आपण कोल्हापूरचे असलो तरी पहिल्या वेळी दोन मिरच्यांच्या वर जाऊ नये. इथलं तिखट तेलातून येत नाही, आंबट-खारटावर स्वार होऊन येतं आणि थेट कानाशी पोचतं.

ऑगस्टच्या अखेरीला आलात तर मिनेसोटा स्टेट फेअर हा आणखी एक सोपा मार्ग. 2022पासून युनियन ह्मोंग किचनचा स्टॉल तिथे लागू लागला, आणि जत्रेतला तो पहिला ह्मोंग खाद्यपदार्थांचा स्टॉल होता.

टेबल राखून ठेवणं

रेस्टॉरंटच्या वेबसाइटवरून बुकिंग होतं. वार आणि वेळा तिथेच बघून घ्या, त्या ऋतूप्रमाणे बदलतात. शुक्रवार-शनिवार सातची वेळ मिळणं कठीण, आठवड्याच्या मधल्या वारी किंवा संध्याकाळी पाच-साडेपाचला सहज मिळते. आपल्याला नऊला जेवायची सवय असते, पण इथे नऊला स्वयंपाकघर आवरायला घेतात. बुकिंगच्या वेळी कार्डाचा नंबर मागितला तर घाबरू नका. आयत्या वेळी न गेल्यास माणशी दंड कापतात, तेवढ्यासाठी तो असतो. अट वाचून घ्या.

किती जणांनी जावं? चार. दोघंच गेलात तर दोन-तीन पदार्थांतच पोट भरतं आणि निम्मा मेन्यू राहून जातो. सहाच्या वर गेलात तर टेबलाच्या दोन टोकांना दोन वेगळी जेवणं होतात.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. 'भारी रेस्टॉरंट' असलं तरी मिनियापोलिसमध्ये लोक जीन्स घालून येतात. फक्त आगीवरचा स्वयंपाक असल्याने धुराचा वास कपड्यांना लागतो, तेव्हा पैठणी राहू द्या. गाडी रस्त्यावरच लावायची असेल तर हिवाळ्यात बर्फ हटवण्याचे नियम लागू झालेत का ते आधी बघा. शहर जाहीर करतं, आणि लक्ष नसलं तर जेवणापेक्षा गाडी सोडवणं महाग पडतं.

काय चालतं, काय नाही: हे बुकिंगच्या वेळीच सांगा

आपल्या लोकांची खरी अडचण इथे असते, म्हणून जरा सविस्तर.

ह्मोंग स्वयंपाकाचा पाया डुक्कर आणि कोंबडी. मासे, बदक आणि गोमांसही भरपूर. पण शाकाहारी माणसाला अडवणारी गोष्ट दिसत नाही, ती बाटलीत असते. फिश सॉस, म्हणजे मासळी मिठात मुरवून काढलेलं पाणी, जवळपास सगळीकडे पडतं: तिखट चटणीत, कोशिंबिरीत, परतलेल्या कोबीत. मोहरीच्या पाल्याची साधी उकडलेली भाजी दिसली तरी ती बहुतेक वेळा डुकराच्या हाडांच्या पाण्यात शिजलेली असते. नारळाच्या दुधाची लाल रश्श्यातली शेवयांची वाटी, जिला खाऊ पून म्हणतात, तिचं पाणी कोंबडीचं. वेटरने 'यात मांस नाही' म्हटलं तर ते खरंच असतं. फिश सॉसला तो मांस धरत नाही, एवढंच.

म्हणून प्रश्न असा विचारा: 'यात फिश सॉस, ऑयस्टर सॉस, कोळंबीची पेस्ट किंवा मांसाचं पाणी आहे का? त्याशिवाय करून मिळेल का?' चारही नावं घ्या. 'मी व्हेजिटेरियन आहे' हे अर्धवट उत्तर मिळवून देणारं वाक्य आहे. बुकिंगच्या वेळी टिपण लिहिण्याची जागा असते, तिथे हे लिहिलं तर स्वयंपाकघराला तयारीला वेळ मिळतो. चटणी आधीच कुटून ठेवलेली असते, ती आयत्या वेळी बदलता येत नाही.

गोमांस किंवा डुक्कर खात नसाल तर तेही आधी सांगा, सॉसेज आणि खिम्यात काय आहे ते मेन्यूवर प्रत्येक वेळी लिहिलेलं नसतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर नक्कीच सांगा. पण फिश सॉस टाळण्यासाठी खोटी ॲलर्जी सांगू नका. तुमच्या एका शब्दावर स्वयंपाकघरातले लोक तवे, चिमटे, पाट सगळं धुऊन पुन्हा मांडतात.

संपूर्ण शाकाहारी जेवण मिळेल का? मिळेल, पण भात, एखाद-दोन भाज्या आणि गोड एवढ्यावर. सकाळी डायॅन्स प्लेसला गेलात तर निवड जास्त असते. अंडंही न खाणाऱ्यांना आणि जैन मित्रांना मी इथे नेत नाही. त्यांनी बाजूला बसून पाणी पिण्यात कुणालाच मजा नाही. कोंबडी-मासे खाणाऱ्या मराठी माणसाला मात्र काहीच अडचण नाही.

मागवायचं कसं

अमेरिकन पद्धतीत प्रत्येकाचं स्टार्टर वेगळं, मुख्य प्लेट वेगळी. इथे तसं मागवलंत तर जेवण फसलंच. यिया वांग मुलाखतींमधून सांगत असतात त्याप्रमाणे ह्मोंग जेवणाचे चार खांब आहेत: भात, मांस, भाजी आणि तिखट चटणी. चारही टेबलाच्या मध्यभागी येतात आणि सगळे त्यातून घेतात. एकेक पदार्थ एकटा खाण्यासाठी केलेलाच नसतो. भाजलेलं मांस मुद्दाम साधं, भात बिनमिठाचा, भाजी आंबट किंवा कडवट, चटणी खारट-तिखट. घासात एकत्र आले की मीठ बरोबर होतं.

चार जणांसाठी माझा हिशेब असा. एक मोठं भाजलेलं मांस: अख्खी किंवा अर्धी कोंबडी असेल तर तीच, गवती चहा आणि लसणात मुरवून लाकडाच्या आगीवर भाजलेली. दुसरं एखादं मांस, पण वेगळ्या पद्धतीचं, म्हणजे शिजवलेलं किंवा रश्श्यातलं. लाब असेल तर ते. लाब म्हणजे बारीक चिरलेलं मांस, लिंबू, पुदिना, कोथिंबीर आणि भाजून कुटलेल्या तांदळाची भरड. ही भरड दाताखाली येते आणि भाजक्या तांदळाचा वास देते. इथे एक इशारा: काही ठिकाणी लाब कच्च्या मांसाचंही देतात, तेव्हा विचारून घ्या.

भाज्या दोन मागवा, एक नको. लोक मांसावर पैसे घालवतात आणि भाजी एकच घेतात. मग तिसऱ्या घासानंतर तोंड जड होतं. एक तरी भाजी आंबवलेली असू द्या. मिठाच्या पाण्यात मुरलेला मोहरीचा पाला मिळाला तर सोडू नका. भात प्रत्येकी एक. चटण्या मेन्यूवर वेगळ्या किमतीला लिहिलेल्या दिसल्या तर कपाळाला आठ्या घालू नका, दोन-तीन मागवाच. या जेवणात चटणी तोंडी लावणं नसते, चव तीच ठरवते.

वेटरला एवढंच सांगितलं तरी चालतं: 'आम्ही सगळं वाटून खाणार आहोत, पहिल्यांदाच आलोय, काही जास्त होतंय का?' मिनेसोटाचे वेटर या प्रश्नाला खरं उत्तर देतात, जास्त झालं असेल तर स्वतःहून काहीतरी कमी करायला सांगतात.

खायचं कसं

काटा-चमचा ठेवलेला असतो. चॉपस्टिक्स शेवयांच्या वाटीसाठी असतात, भातासाठी मागू नका. चिकट भात हाताने खायचा, आणि इथे तुम्ही शेजारच्या टेबलापेक्षा वरचढ आहात.

हा भात रात्रभर भिजवून, सकाळी निथळून, वाफेवर शिजवलेला असतो. पाण्यात उकळत नाहीत, म्हणून दाणा न् दाणा वेगळा दिसतो पण एकमेकाला धरून राहतो. पांढऱ्या चिकट तांदळात मूठभर काळा तांदूळ मिसळला की सगळा भात जांभळा होतो. ह्मोंग घरांत हा जांभळा भात फार दिसतो. टोपलीत किंवा झाकणाच्या भांड्यात आला तर झाकण लगेच परत ठेवा. पाच मिनिटं उघडा राहिला की वरचा थर चिवट होतो.

आता घास. बोटांच्या टोकांनी लिंबाएवढा भात तोडा. तळहातावर घेऊन कालवू नका, वरणभातासारखा कुस्करूही नका. तीन बोटांत एकदा-दोनदा दाबून चपटा करा. त्याची कड चटणीत टेकवा, बुडवू नका. हिरवी चटणी असेल तर तिच्यात कुटलेली मिरची, कोथिंबीर, कांद्याची पात, फिश सॉस आणि लिंबू असतं, कधी कधी अजिनोमोटोही. कण जाडसर राहतात, आपल्या मिक्सरमधल्या चटणीसारखी ती गुळगुळीत नसते. मग त्याच भाताने कोंबडीचा एक तुकडा चिमटीत पकडा आणि सगळं एकदम तोंडात. आधी धूर, मग लिंबू, मग मिरची, आणि चावता चावता भाताचा गोडवा येतो. पुढचा घास आंबवलेल्या पाल्याचा घ्या, नुसता. तोंड धुतल्यासारखं साफ होतं.

तिखट लागलं तर पाणी पिऊ नका, नुसता भात खा. आणखी एक: चटणीची वाटी सगळ्यांची असते, अर्धा खाल्लेला घास तिच्यात परत टेकवू नका. आपल्याकडे उष्ट्याचे नियम लहानपणापासून अंगात असतात, त्यामुळे हे सांगायची खरं तर गरज नाही.

ज्या चवी पहिल्यांदा परक्या वाटतात

मसाला कुठे आहे? हा प्रश्न हमखास येतो. जिरं, धने, गरम मसाला, हळद-तिखट यांची फोडणी इथे नाही. वास येतो तो गवती चहा, आलं, त्याचाच भाऊबंद गलांगल, पुदिना, शेपू आणि लांब करवती पानांच्या कोथिंबिरीचा. शेपू बघून आनंद झाला तर तुम्ही माझ्या पंथातले.

मेन्यूवर कोंबडी आणि औषधी पाल्याचं सूप दिसलं तर ते मागवा, जरी शेजारच्या टेबलावर दुसरंच काही चकाकत असलं तरी. बाळंतिणीला पहिले 30 दिवस हेच देतात, गरम भातासोबत. प्रत्येक घराचा पाला वेगळा. छावण्यांतून आलेल्या बायकांनी ही रोपं इथे परसात आणि हिवाळ्यात खिडकीतल्या कुंड्यांत जगवली. सूप दिसायला साधं पाणी असतं, वर थोडी चरबी आणि काळपट हिरवी पानं. आधी नुसतं पाणी प्या. पहिल्या घोटाला ते अळणी लागेल, तिसऱ्या घोटाला पाल्याचा किंचित कडवटपणा वर येतो. मग भात त्यात सोडा. कोंबडीचा तुकडा मात्र बाहेर काढून चटणीला लावून खा.

कडू हीसुद्धा इथे मुद्दाम आणलेली चव आहे. कडू बांबूचे कोंब, कारल्याची पानं, आणि जुन्या पद्धतीच्या गोमांसाच्या रश्श्यात जनावराचं पित्तसुद्धा. पित्तवाला पदार्थ भारी रेस्टॉरंटात क्वचित दिसतो, बाजारात मिळतो. कारलं आवडीने खाणाऱ्याला बांबूचे कोंब अवघड जाणार नाहीत. आंबवलेल्या खेकड्याच्या पेस्टचा वास ज्यांनी सुकट-बोंबील घरात भाजलेत त्यांना ओळखीचा वाटेल, बाकीच्यांनी थोडा धीर धरावा.

गोडाचा भाग छोटा आणि सोपा. नारळाच्या दुधात रंगीत साबुदाण्यासारखे दाणे आणि बर्फ घातलेला 'ना वा' बाजारात ग्लासभर मिळतो. रेस्टॉरंटात त्याचंच काहीतरी सजवलेलं रूप येतं. मला बाजारातलाच जास्त आवडतो.

बोलताना

'न्यॉ झाँ' म्हणजे नमस्कार, 'उआ चाओ' म्हणजे आभारी आहे. उच्चार चुकला तरी समोरचा हसून दुरुस्त करतो. आधी वाढणारा ह्मोंग आहे का एवढं बघा, कारण इथले सगळे वेटर ह्मोंग नसतात. गोऱ्या मुलाला ह्मोंगमध्ये नमस्कार करून त्याला गोंधळात टाकू नका.

'हे थाई जेवणासारखंच आहे की!' असं मोठ्याने म्हणू नये. सारखेपणा आहेच, डोंगर एकच आणि शेजार जुना. पण ह्या लोकांची अर्धी हयात 'तुम्ही चिनी का? थाई का?' याची उत्तरं देण्यात गेली आहे. 'तुमचा देश कुठला?' हाही तसाच अवघड प्रश्न. त्याऐवजी 'ही चटणी घरी पण अशीच करता का?' विचारा. घरोघरची चटणी वेगळी, आणि प्रत्येकाची आईच सगळ्यात भारी करते, त्यामुळे बोलणं लगेच सुरू होतं. युद्धाचं, छावणीचं स्वतःहून काढू नका. भिंतीवर किंवा कपड्यांवर बारीक भरतकाम दिसलं तर त्याबद्दल जरूर विचारा. त्याला 'पा न्दाऊ' म्हणतात, आणि त्यातली गावाची, नदी ओलांडण्याची चित्रं भरलेली कापडं छावण्यांत शिवली गेली. समोरच्याला सांगायचं असेल तर तिथून तो आपणच पुढे सांगेल.

बिल

पेय सोडून माणशी 60 ते 90 डॉलर धरून जा, म्हणजे छातीत धस्स होणार नाही. मेन्यू वेबसाइटवर असतो, आधीच बेरीज करून बघा. त्यावर मिनियापोलिसचा विक्रीकर सुमारे 9 टक्के. टिप 18 ते 20 टक्के हा रिवाज आहे. मात्र शहरातल्या काही रेस्टॉरंटांत सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं, तेव्हा मेन्यूच्या तळाची बारीक अक्षरं आणि बिलातली ओळ वाचा. ते लावलेलं असेल तर पुन्हा 20 टक्के देण्याची सक्ती नाही. वेगळी टिप कर्मचाऱ्यांना जाते का, हे विचारायला संकोच नको. इथे हा प्रश्न रोज विचारला जातो. बिल वाटून द्यायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा, कारण पदार्थ सगळ्यांचे असल्यामुळे नंतर 'मी डुक्कर खाल्लं नाही' असा हिशेब मांडत बसणं वेटरच्या आणि मैत्रीच्या, दोघांच्या मुळावर येतं.

उरलेलं बांधून घेताना

उरणारच. डबा मागायला अजिबात लाजू नका, वेटर स्वतःच विचारतो. मांस आणि भात वेगवेगळे बांधा, चटणी छोट्या डबीत वेगळी मागून घ्या. ती फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, आणि दुसऱ्या दिवशी उकडलेल्या अंड्यावर किंवा काकडीवर छान लागते. चिकट भात फ्रिजमध्ये गेला की दगड होतो. मायक्रोवेव्हमध्ये तसाच ढकलला तर कडा कडक आणि मध्य थंड. वर पाण्याचा हबका मारा, ओला कागदी रुमाल झाका आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बघत गरम करा. वाफवायचं भांडं असेल तर उत्तमच, मोदकपात्र चालतं. तेही नको असेल तर भात थापून चपटा करा आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खमंग भाजा. त्यासोबत ती उरलेली चटणी.